अकराशे बावन्न भोकं

बालाघाटच्या कलेक्टर कचेरीतले रेकॉर्ड कीपर गोपाळकृष्ण पांढरीपांडे यांचं कागदाबद्दल एक ठाम मत होतं. ज्या कागदाला भोक नाही, तो कागद आज ना उद्या हरवणार. म्हणून कागद हाती आला की आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात, काठापासून अंगठ्याच्या नखाएवढी जागा सोडून, दाभणानं भोक पाडायचं, त्यातून लाल टॅग ओवायचा, आणि मग कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

छप्पन साली प्रांत बदलला. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. नातेवाईक दोन राज्यांत वाटले गेले, कचेरीची भाषा बदलली, साहेब बदलले. पण रेकॉर्ड रूममधला एक चिटोरा इकडचा तिकडे झाला नाही, आणि याचं श्रेय नाना (सगळं गाव त्यांना नानाच म्हणे) दाभणाला देत. घरीही तोच कायदा. विजेची बिलं, लग्नपत्रिका, वाण्याच्या याद्या, सगळं टॅगमध्ये. त्यांच्या पत्नी आशालताबाई यांच्या जन्मपत्रिकेतला शनी नेमका भोकात गेला होता. तेव्हापासून आपलं बरं चाललंय, असं त्या म्हणत.

अशा घरात अलकनंदा जन्मली, एकुलती एक. शाळेच्या प्रगतिपुस्तकांना भोकं पडत गेली आणि त्या भोकांच्या बाजूचे आकडे गणितात शंभरच्या खाली कधी उतरले नाहीत. जबलपूरहून एम.एस्सी. झाली आणि पुढे कानपूरला गेली, कॉम्प्युटर शिकायला. हे साल बहात्तर. बालाघाटात तेव्हा कॉम्प्युटर कोणी पाहिलेला नव्हता, पण मत सगळ्यांचं होतं. शेजारी दुलीचंदजींची धान्याची आडत होती. ते नानांना म्हणाले, "पंडितजी, मशीन हिसाब करेगी तो बिटिया क्या करेगी?" रात्री जेवताना नानांनी तोच प्रश्न मुलीला विचारला.

"यंत्राले काय विचारायचं, ते मी ठरवीन," अलकनंदा म्हणाली आणि आणखी एक पोळी घेतली.

नानांना हे उत्तर इतकं आवडलं की ते दुलीचंदजींना सांगायला ताटावरून उठणार होते.

तिचं संशोधन वैनगंगेवर होतं. वरच्या भागातला पाऊस आणि आदल्या दिवसांचं पाणी यांवरून घाटावर पाणी किती चढेल, हे दोन दिवस आधी सांगायचं गणित. त्याला तीस वर्षांच्या पाणीपातळीच्या नोंदी हव्या होत्या, आणि त्या असलेली रजिस्टरं होती खुद्द नानांच्या रेकॉर्ड रूममध्ये. दुसऱ्या कोणा मुलीला हे केवढं सोपं गेलं असतं. अलकनंदानं दिवाळीच्या सुट्टीत रीतसर अर्ज केला. नानांनी तो टेबलावर वाचला आणि संध्याकाळी घरी येऊन, चहा पिता पिता, परत केला.

"कोर्ट फी तिकीट नाही लावलं."

"नाना, तुम्ही सकाळीच सांगितलं असतं तर लावलं असतं."

"सकाळी तू अर्जदार नव्हतीस, मुलगी होतीस."

दुसऱ्या दिवशी तिकीट लागलं. तिसऱ्या दिवशी आक्षेप आला की अर्जात 'तीस वर्षे' म्हटलंय, कुठून कुठवर ते नाही. चौथ्या दिवशी आशालताबाईंनी भाजीत मीठ घातलं नाही. पाचव्या दिवशी अर्ज मंजूर झाला. पुढचे बारा दिवस अलकनंदा रेकॉर्ड रूममधल्या धुळीत बसून एका जाड वहीत आकडे उतरवत होती. शिपाई भैयालाल तिला तासातासानं पाणी आणून देई आणि नाना समोर बसून, आपण बघत नाही असं दाखवत, बघत. एवढ्या नेटानं रेकॉर्ड वाचणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. लोक त्या खोलीत यायचे ते भांडणापुरते.

हिवाळ्यात कानपूरहून पत्र आलं. तीसपैकी एकोणतीस वर्षं तिच्या गणितात चपखल बसली होती. एक पंचावन्न साल काही केल्या बसत नव्हतं. त्या वर्षी ऑगस्टात नदी अशी वागली होती की वरचा पाऊस आणि खालचं पाणी यांची जणू ओळखच नव्हती. तिच्या सरांनी सांगितलं होतं, 'वीस जूनला मोठ्या यंत्रावर तुला वीस मिनिटं मिळतील. पंचावन्न बसलं तर विषय तुझा, आणि पुढल्या वर्षी पोरांना शिकवायची जागाही तुझी. नाही बसलं तर विषय सोडून दे.'

नानांनी पत्राला भोक पाडलं, टॅग ओवला आणि ते दोनदा वाचलं.

उन्हाळ्यात अलकनंदा सहा आठवडे भिलाईला एका मोठ्या कचेरीच्या यंत्रविभागात प्रशिक्षणाला राहिली. तिथं जेवणाच्या सुट्टीत तिला कार्डं पाडायचं, म्हणजे मोठ्या यंत्राला कळतील असे आकडे कार्डांवर उतरवायचं यंत्र वापरू देत. त्यावर तिनं वहीतला आकडा न् आकडा पुन्हा तपासून नव्यानं कार्डांवर चढवला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती कार्डं बुटांच्या खोक्यात भरून घरी आली.

घरी आली म्हणजे घरात बसली असं नव्हे. पहाटे वैनगंगेत पोहून यायची. सात वाजता ओट्यावर मोहल्ल्यातल्या गणितात नापास झालेल्या सहा मुलींची शिकवणी. त्यात भैयालालची मुलगी कमला होती. तिनं गणितापायी शाळाच सोडायचं ठरवलं होतं. अलकनंदा त्यांना यंत्राची मोजणी शिकवी. यंत्राला म्हणे दोनच गोष्टी समजतात, आहे आणि नाही. त्यासाठी तिनं सगळ्यांच्या चपला पायरीवर ओळीनं मांडल्या. सुलटी चप्पल म्हणजे नाही, उलटी म्हणजे आहे. चार चपलांत पंधरापर्यंत मोजता येतं हे पाहून कमलानं घरच्याच नव्हे, देवळाबाहेरच्या चपलांचीही बेरीज केली. अडचण एवढीच की चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होतं, हे आशालताबाईंना लहानपणापासून माहीत होतं. त्या पाण्याची कळशी घेऊन जाता-येता पायानं चपला सुलट्या करत आणि मुलींचा तेराचा आकडा बघता बघता शून्यावर येई.

"आई, तू माझं अख्खं उदाहरण पुसलं."

"उदाहरण पुसलं तर चालते. भांडण झालं तर तुझ्या बापाले कोण समजावते?"

शिकवणी झाली की अलकनंदा सायकल काढी. पुरुषी विजार, डोक्याला रुमाल, गळ्यात दुर्बीण. दुलीचंदजींनी सल्ला दिला की पोरगी एवढी उन्हात फिरली तर स्थळं परत जातील. नाना म्हणाले, "येऊ तर द्या, मग परत जातील." त्यांच्या आयुष्यातला हा पहिला विनोद होता, आणि तो झाल्याचं त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

दहा तारखेला ती कमलाला मागच्या कॅरियरवर बसवून लांजीला निघाली. जाताना जंगलातले पक्षी, तिथं जुनं देऊळ, रात्री कमलाच्या मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. जाताना म्हणाली, "नाना, खोकं तेवढं पडू देऊ नका. कार्डांचा क्रम बिघडला तर माझं सगळं गेलं."

पडू देऊ नका. हे वाक्य रेकॉर्ड कीपरला सांगायचं असतं?

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि नानांनी खोकं उघडलं. आत फिकट पिवळी, पोस्टकार्डाहून लांब अशी कार्डं. बंदोबस्त काय, तर दोन रबरं. त्यातलं एक तडकलेलं. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला, म्हणजे माल सदोष. आणि अंगभर बारीक चौकोनी खिडक्या. नानांनी एक कार्ड उजेडात धरलं. एवढी भोकं, पण टॅग ओवायला एकही कामाचं नाही.

जिल्ह्याच्या रेकॉर्ड कीपरच्या घरात, मुलीचं आयुष्य ज्यावर अवलंबून ते रेकॉर्ड, बुटांच्या खोक्यात सुटं. कानपूरपर्यंत तीन गाड्या बदलायच्या. एखाद्या हमालाचा धक्का लागला की खेळ खलास.

"हात नका लावू," आशालताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"हात कुठं लावून राहिलो? बंदोबस्त करून राहिलो."

दुलीचंदजी वर्तमानपत्र न्यायला आले होते. त्यांनी सल्ला दिला, "पंडितजी, बोरे में भर दो, ऊपर से सिलाई मार दो." धान्याचा माणूस, त्याला पोत्यापलीकडे काय दिसणार. नानांनी भैयालालला बोलावणं धाडलं. कचेरीला लागून दोन दिवस सुट्टी होती, दीड दिवस काम चाललं. नाना एकेक कार्ड खोक्यातून क्रमानं उचलत, वरच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी जागा सोडून, भोक पाडत आणि मागे सुबक अक्षरात क्रमांक घालत. भैयालाल शंभर-शंभरांत टॅग ओवी आणि गाठ मारी. अकराशे बावन्न कार्डं, अकरा गठ्ठे आणि बावन्नचा एक लहान. वर लाल खारव्याच्या जाड कापडाचा बस्ता, बस्त्यावर चिठ्ठी. नानांचा उजवा अंगठा सुजला होता, पण लग्नाची पंगत नीट पार पडल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

अकराला संध्याकाळी अलकनंदा आली. धुळीनं लाल, खुशीत. नानांनी बस्ता पुढे ठेवला.

तिनं गाठ सोडली. एक गठ्ठा उचलला. भोकावरून बोट फिरवलं. दाभणानं मागच्या बाजूला कागदाची बारीक वाटी उठली होती. मग ती ओट्यावर बसली. नानांना वाटलं, पोरीला भरून आलंय.

"नाना," ती म्हणाली, "बांधलंय फार सुंदर."

"मग?"

"यंत्र भोकंच वाचते. तुम्ही भोक पाडलं तिथं वर्ष लिहिलं होतं. आता प्रत्येक कार्डाचं वर्ष गेलं. आणि हे मागं जे उठलंय नं, त्यानं कार्ड यंत्रात अडकन."

"सगळी?"

"तुम्ही एक तरी सोडलं काय?"

नानांनी एकही सोडलं नव्हतं. तेच तर त्यांचं वैशिष्ट्य होतं.

आशालताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वाकून पायरीवरची एक चप्पल सुलटी केली.

त्या रात्री नाना जेवले नाहीत. कचेरीत चूक झाली की तिला नोटीस असते, खुलासा असतो, खुलाशावर शेरा असतो. घरातल्या चुकीला यातलं काहीच नाही. माणूस नुसता बसून राहतो. सकाळी त्यांनी सहा वर्षांतली पहिली रजा मागितली. कारण लिहिलं, 'घरगुती दुरुस्ती.' कानपूरला कार्डं पाडण्याच्या यंत्रासाठी महिन्याची रांग होती. म्हणून भिलाई गाठायची, तीन दिवसांत वहीवरून सगळी कार्डं नव्यानं पाडायची आणि अलकनंदानं तिथूनच पुढे जायचं, असं ठरलं.

"मी वाचतो, तू पाड," नाना म्हणाले. "एकटीनं वहीत बघून होणार नाही."

गोंदियापर्यंत छोटी गाडी, तिथून मोठी. सबंध प्रवासात नानांनी वही मांडीवर धरली होती, आणि तिला त्यांनी काहीही केलं नाही.

भिलाईच्या कचेरीच्या फाटकावर तेजराम नावाचा कारकून बसला होता. अलकनंदाचा पास होता, तिला सोडलं. नानांचा अर्ज त्यानं शांतपणे वाचला.

"फोटो नहीं है."

नाना बाजारात जाऊन फोटो काढून आले. दोन तास गेले.

"प्रयोजन में लिखा है 'वाचन'. क्या वाचन, कितना वाचन, स्पष्ट नहीं."

नानांनी स्पष्ट केलं. तेजरामनं अर्ज उलटा केला, सुलटा केला. "दिनांक के नीचे स्थान नहीं लिखा."

एकतीस वर्षांत नानांना या खिडकीच्या या बाजूला कधी उभं राहावं लागलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं, आत पोरगी एकटी खटखट करत होती, आणि हा माणूस स्थान विचारत होता. नानांचा अपमान झाला होता यात शंका नाही. पण स्थान लिहिता लिहिता त्यांच्या मनात आलं, की कारकून मात्र अव्वल आहे. त्याच्या खांद्यावरून त्यांनी त्याचं रजिस्टर पाहिलं. भोक वरच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या अंतरावर.

तीन वाजता ते आत पोचले.

त्यानंतरचे अडीच दिवस बापलेक त्या यंत्रापुढे होते. नाना वाचत, अलकनंदा पाडी. तिची बोटं अशी चालत की बाजूच्या यंत्रांवरच्या बाया थांबून पाहत. नानांनी तिला पोळी लाटताना पाहिलं होतं आणि ते दृश्य फारसं चांगलं नव्हतं. इथं मात्र त्यांना वाटलं, आपण एखाद्या गवयाच्या मागे तंबोरा धरून बसलो आहोत. एखादा आकडा त्यांच्याकडून चुकला तर ती न बघता म्हणे, "एका दिवसात पाणी सहा फूट नाही उतरत नाना, पुन्हा बघा." नदी तिला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचावन्न साल आलं.

"ऑगस्ट पंचावन्न. तीन तारीख, नऊ फूट चार इंच. चार तारीख, नऊ फूट पाच इंच. पाच तारीख, नऊ फूट सहा इंच..."

पाणी रोज एकेक इंच, एखाद्या सभ्य माणसासारखं चढत होतं. चौदा तारखेनंतर तसंच सभ्यपणे उतरू लागलं. अठ्ठावीसपर्यंत. नाना वाचायचे थांबले.

"काहून थांबले? पाणी देऊ काय?"

नानांना दिसली ती नदी नव्हती. त्यांना दिसला पुनाराम, घाटावर पट्टी वाचणारा माणूस. तीन ऑगस्टला त्याला विषमज्वर झाला होता. सव्वीस दिवसांच्या त्याच्या रजेचा अर्ज रेकॉर्ड रूममधूनच गेला होता. डॉक्टरचा दाखला नाही म्हणून नानांनीच तो अडवला होता, म्हणून तर तारखा ध्यानात होत्या. आणि पुढं साल संपल्यावर रजिस्टर जमा करायला आलं तेव्हा त्यात सव्वीस रकाने रिकामे होते. कोण्या कनिष्ठ कारकुनानं त्यावर आक्षेप काढून रजिस्टर परत धाडलं होतं. 'रकाने रिक्त आहेत. तात्काळ भरून सादर करावे.' आठ दिवसांत भरून आलं. एका बैठकीत, एका शाईत.

तो कनिष्ठ कारकून कोण, हे आता जगात दोघांनाच माहीत होतं. पुनाराम कटंगीला मुलाकडे राहत होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे एकालाच माहीत होतं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अकराशे बावन्न भोकांनंतर हेही सांगायचं, म्हणजे बाप म्हणून उरतं काय? पण न सांगावं तर वीस तारखेला पोरगी त्या वीस मिनिटांत खोट्या पाण्याशी झगडत बसणार.

"अलक, हे पाणी नदीचं नाही."

"मग कोणाचं?"

"माझं," नाना म्हणाले, आणि सगळं सांगितलं. शाईसकट.

यंत्राची खटखट थांबली होती.

"सहा महिने, नाना," ती हळू म्हणाली. "सहा महिने मी रोज माझंच गणित तपासून राहिली. मले वाटे, मलेच येत नाही."

नानांनी मान खाली घातली. पण तिनं तोवर नवं कार्ड यंत्रात सरकवलं होतं, आणि वर पाहिलं तर ती हसत होती, लहानपणी शंभर मार्क दाखवताना हसे तशी.

"मग आता ते सव्वीस दिवस रिकामे सोडायचे."

"रिकामे?" नानांचा आवाज चिरकला.

"हौ. यंत्राले सांगता येते, इथलं आपल्याले माहीत नाही म्हणून. ते बाकीच्यांवरून काम चालवते."

एकतीस वर्षांत 'माहीत नाही' हे उत्तर चालवून घेणारी कचेरी नानांनी पाहिली नव्हती. ते ज्या यंत्राला इतके दिवस भीत होते, त्याच्याबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला. तेच सव्वीस रकाने त्यांनी पुन्हा मोठ्यानं, एकेक करून, रिकामे वाचले.

पंधराच्या संध्याकाळी अलकनंदा नवं खोकं छातीशी धरून गाडीत चढली. नानांनी दोन्ही रबरं बदलून दिली होती. एकवीस तारखेला तार आली, 'पंचावन्न बसलं.' दुलीचंदजी विचारायला आले, कोण बसलं, कुठं बसलं. नानांनी त्यांना बसवून घेतलं आणि दोन तास नदीचं गणित समजावलं, चपला मांडून. त्या दिवशी आशालताबाईंनी एकही चप्पल सुलटी केली नाही. कमला पुढच्या परीक्षेत गणितात पहिली आली, हेही ओघात सांगायला हवं.

दिवाळीनंतर कचेरीत कानपूरहून एक अर्ज आला. त्या तीस वर्षांआधीची सोळा वर्षांची रजिस्टरं पाहायला मिळावीत म्हणून. तिकीट लावलेलं. साल कुठून कुठवर ते लिहिलेलं. दिनांकाखाली स्थान. वरच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी जागा सोडून, भोक, आणि त्यात लाल टॅग. नानांनी अर्ज वीस मिनिटं वाचला. आक्षेप काढायला तसूभर जागा नव्हती. ते थोडे खिन्न झाले. मग त्यांची नजर चौथ्या रकान्यावर गेली, 'अर्जदाराच्या वडिलांचे नाव व व्यवसाय.' तिथं लिहिलं होतं, 'गोपाळकृष्ण पांढरीपांडे. रेकॉर्ड कीपर, तसेच सदर संशोधनातील सहकारी.'

नानांनी ते तीनदा वाचलं. नाक शिंकरलं. मग लाल शाईनं लिहिलं, 'दुसऱ्या व्यवसायाचा पुरावा जोडावा,' आणि अर्ज परत धाडला.

आशालताबाईंना हे कळलं तेव्हा भाजीतलं मीठ पुन्हा नाहीसं झालं.

जानेवारीत जाड पाकीट आलं. आत तोच अर्ज आणि पुरावा म्हणून तिचा छापलेला प्रबंध. पहिल्या पानावर आभार होते, आणि त्यात सरांच्या नावाआधी नानांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं की पंचावन्न सालच्या नोंदींतला दोष यांनी शोधला आणि स्वतःहून सांगितला. नानांनी सवयीनं दाभण उचललं. प्रबंधाच्या कोपऱ्यावर टेकवलं. मग ते खाली ठेवलं आणि प्रबंध तसाच, सुटा, टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

अर्जावर त्यांनी लिहिलं, 'पुरावा पाहिला. आक्षेप मागे घेण्यात येत आहे.'

भैयालाल आवक-जावकाचं रजिस्टर उघडून उभा होता. त्यानं ते वाक्य वाचलं, रकाने पाहिले, पुन्हा वाक्य वाचलं.

"साहेब, आक्षेप मागं घेतल्याचा रकानाच नाही आपल्याकडं. आजवर कधी लागलाच नाही. बाकी सगळं भरलं, शेऱ्याचा रकाना तेवढा राहिला. त्यात काय भरू?"

नाना खिडकीबाहेर, नदीच्या बाजूला बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "रिकामा सोड."